ब्रेक बसतो

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय रुबीना,

सलाम. तू बरी असशील, चाचांचा गुडघा आणि अम्मींची साखर आटोक्यात असेल, असं धरून लिहिते आहे. तीन वर्षांत विचारलं नाही, त्यामुळे धरून चालण्याशिवाय इलाज नाही.

आधी कामाचं. तुझ्या दुकानात दसऱ्याला ज्या तीन नव्या 'विहंग' गाड्या भाड्यासाठी आल्या, त्या ऑटोमॅटिक आहेत. हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत त्यांतली एकही गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात पाठवू नकोस. नृसिंहवाडीला जाऊ दे, सांगलीला जाऊ दे, सपाटीवर कुठंही जाऊ दे. लांब उतार नको. लांब उतारावर तिचे ब्रेक तापतात आणि पेडल खाली जातं. हे ऐकीव नाही. मी मोजलेलं आहे.

पत्र का, असं तुला वाटेल. माझा नंबर तू बंद केलास, तो तुझा हक्क आहे. दुसऱ्याच्या फोनवरून मेसेज करता आला असता, पण कोल्हापुरात गाड्यांबद्दल लिहिलेला कुठलाही मेसेज संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरतो, आणि यात तुझ्या दुकानाचं नाव फिरायला नको. काल स्वतः येणार होते. दोनदा समोरून गेले. तुझे अब्बा, माझे चाचा, दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणून हे तुझ्या किल्ल्यांच्या पेटीत टाकते. दुकान बंद असताना गाडी परत करणारे त्यात किल्ली टाकून जातात आणि सकाळी तू ती उघडतेस, एवढं मला रस्त्याच्या पलीकडून दिसलं.

माझं काय चाललं आहे ते तुला कदाचित माहीत असेल. माझा मामेभाऊ आदर्श 'पावणं, गाडी बघा' नावाचं चॅनेल चालवतो, मी त्याच्याकडे काम करते. नवी गाडी आली की ती मी चालवते, मोजते आणि चिठ्ठ्या लिहिते. त्या चिठ्ठ्या डॅशबोर्डवर चिकटवून तो बोलतो. माझं नाव आणि चेहरा कुठंही येत नाही. ती माझीच अट होती.

लोकांना वाटतं या कामात गाड्या असतात. खरं तर माणसंच जास्त असतात. दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर गाडीवेडी मंडळी जमते, आदर्श तिथं मतं गोळा करायला जातो आणि मी वही घेऊन मागे उभी राहते. धैर्यशील नावाचे एक गृहस्थ आहेत, जुनी डिझेल जीप बाळगून. त्यांना एकही नवी गाडी पसंत नाही. "तीन सिलिंडर म्हंजे गाडी हाय व्हय? दळपाची गिरण हाय." सनरूफवर त्यांचा विशेष राग. "छताला भोक पाडून वर जादा पैसे घेत्यात. कोल्हापुरात ऊन कमी पडतंय काय? पोरं तोंड वर काढून उसाच्या ट्रॉलीचं पाचट खात्यात नुसती." दुसरा म्हणतो, "पडदा बारा इंची, आन् मागं गुडघा ठेवायला जागा न्हाय." मग विषय भाड्याच्या गाड्यांवर येतो आणि सगळे एकदम बोलतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की आपण वीस फूट लांब राहतो, असं त्यांतला एक शपथेवर सांगतो. मला हे सगळं ऐकायला आवडतं. यांतले निम्मे लोक चुकीचं बोलतात, पण जे वाटतं तेच बोलतात.

'विहंग'च्या वेळी तसं नव्हतं. तो व्हिडिओ कंपनीच्या सहकार्यानं केलेला होता, म्हणजे जाहिरात होती. पुण्याच्या जाहिरात संस्थेनं शब्दांची यादी पाठवली होती. इंजिनाचा आवाज म्हणायचं नाही, 'जिवंत इंजिन' म्हणायचं. गाडी खड्ड्यात आपटते म्हणायचं नाही, 'रस्त्याशी नातं सांगते' म्हणायचं. आदर्शनं ती यादी मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "ह्यांनी आमच्या गंगावेशीच्या रस्त्याशी नातं जोडून दाखवावं, मग बोलू." तरी त्यातले सहा शब्द त्यानं वापरले.

२२ एप्रिलला आम्ही घाटात गेलो, आदर्श सोबत नव्हता. रस्ता कोरडा, तापमान एकतीस, गाडीत चार माणसं आणि डिकीत सामान. गिअर 'D'वर, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकवर, ठेवून उतरलो, कारण भाड्यानं घेणारा किंवा नवा घेणारा माणूस तसंच उतरतो. उतारावर ही गाडी स्वतःहून वरचा गिअर टाकते, मग इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. सहा किलोमीटरनंतर पेडल दोन बोटं जास्त खाली जाऊ लागलं. सुरुवातीला ताशी चाळीसवरून गाडी नऊ मीटरमध्ये थांबत होती. तिथं साडेचौदा लागले. फरक एका गाडीच्या लांबीहून जास्त.

मी चिठ्ठी लिहिली. चॅनेलचा नियम आहे की चिठ्ठीत इंग्रजी शब्द आणि आकडे कमीत कमी. लोक बोलतात तसं लिहायचं. मी लिहिलं: 'सहा किलोमीटर उतारानंतर ब्रेक बसतो.'

हा शब्द मी कुठं शिकले ते तुला सांगायला नको. कॉलेजात आपल्याला त्यासाठी इंग्रजी शब्द शिकवला, पण त्याआधी तुमच्या गॅरेजात चाचांनी पेडल आपल्या दोघींच्या पायाखाली दिलं होतं. "ब्रेक बसतोय बग बेटा. कळलं पायाला?" आवाज बसतो, टायर बसतो, धंदा बसतो, तसा ब्रेक बसतो.

आदर्शनं चिठ्ठी वाचली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "सहा किलोमीटर उतार, पावणं. आन् ब्रेक? असा बसतोय की न्हाय." आणि हाताची मूठ आवळून दाखवली. त्याच्या लेखी नट बसतो, घडी बसते, हात बसतो, तसा ब्रेक बसतो. तो गॅरेजात वाढलेला नाही. चिठ्ठीत त्याला संशय येण्यासारखं काही नव्हतं.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर ही चूक माझ्या लक्षात आली. चूक शब्दाची होती. तुझ्यापर्यंत ती पोचली असेल, असं दसऱ्याच्या दिवशी तीन गाड्यांवर झेंडूच्या माळा पाहून वाटलं, म्हणून कळवलं.

माझा नंबर तोच आहे.

निशिगंधा

*

राजारामपुरी
शुक्रवार, १० ऑक्टोबर

रुबीना,

पत्र तुला मिळालं आहे. बुधवारी सकाळी सव्वानऊला तू पेटी उघडलीस, लिफाफा फिरवून पाहिलास आणि ओढणीखाली धरून आत नेलास. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. पाळत ठेवते आहे असं समजू नकोस. किंवा समज, वर्णन म्हणून ते बरोबर आहे.

उत्तर आलं नाही, ते ठीक आहे. पण काल जे झालं ते तुला कळलंच पाहिजे.

काल सकाळी मी ऑफिसला निघाले होते. फुलेवाडीच्या नाक्यावर माझ्यापुढे निळी 'विहंग' उभी होती. काळी पाटी, मागच्या काचेवर तुझ्या दुकानाचं स्टिकर, डिकी भरलेली. सिग्नल सुटला आणि ती सरळ गगनबावडा रस्त्याला लागली. माझं ऑफिस डावीकडे आहे. मी डावीकडे वळले नाही.

स्कूटरवरून गाडीचा पाठलाग करण्यात काही अर्थ नसतो. ती पुढे निघून गेली. मी हॉर्न वाजवला नाही, कारण कोल्हापुरात हॉर्न ऐकून कोण थांबतं. मी हिशेब केला की मागे दोन मुलं आहेत, म्हणजे ती तासाभरात कुठंतरी थांबणार. कळ्याला थांबली. बाविसाव्या किलोमीटरला, चहाच्या टपरीसमोर. मी स्कूटर तिच्या मागे लावली आणि उतरले.

बाळासो नावाचे गृहस्थ, इचलकरंजीकडचे. बायको वर्षाराणी, आई बयाबाई आणि दोन मुलं. मी विचारलं, गाडी भाड्याची ना?

"व्हय की. का वो, घासली काय कुठं?" ते लगेच वाकून बंपर बघायला लागले.

"नाही. घाट उतरणार आहात?"

"उतरणार तर. मालवणात साडू हाय आमचा. तुमी दुकानच्या काय?"

"नाही."

"मग शोरूमच्या?"

"नाही. इंजिनिअर आहे."

"मग बसा की. इंजिनेरला च्या चालतोय न्हवं?"

मी बसले. त्यांना सांगितलं की उतार सुरू झाला की गिअर 'L'वर, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं त्या खालच्या गिअरवर, घ्या, तो 'D'वर आणू नका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ते शांतपणे ऐकत होते, पण ते ऐकणं पाहुण्याचा मान राखण्यापुरतं होतं. माझं संपल्यावर म्हणाले, "आमी काय डोळं झाकून घेतली न्हाय पावणं. व्हिडिओ बगूनच हीच गाडी पायजे म्हणून सांगिटलं दुकानात. तो पोरगा सांगतोय की, ब्रेक असा बसतोय म्हणून." आणि त्यांनी मूठ आवळून दाखवली. अगदी आदर्शसारखी.

बयाबाई मागच्या सीटवर दार उघडं ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसतोय म्हंजी? आपल्या ट्रॅक्टरचा बसलाता तवा तू थेट उकिरड्यात गेलतास की."

वर्षाराणी हसायला लागली. "आत्ती, ते बसणं येगळं आन् हे बसणं येगळं."

"कसलं येगळं? खाली जातंय ते बसणं."

सगळे हसले. टपरीवाला पण हसला. मला त्या बाईंकडे बघवेना. सत्तरीच्या बाई, चिठ्ठी न वाचता, व्हिडिओ न बघता त्यांना बरोबर अर्थ लागला होता.

मी बाळासोंना शेजारी बसवून गाडी दोन किलोमीटर चालवली आणि 'L'वर आणून दाखवली. त्यांचा नंबर घेतला, माझा दिला, घाट उतरल्यावर फोन करा म्हणून सांगितलं. ते निघून गेले. मी टपरीवरच बसून राहिले. ऑफिसमधून आदर्शचे चार फोन आले, घेतले नाहीत. टपरीवाल्यानं विचारलं, "पावणं, कुणाची वाट बगताय?" मी म्हटलं, फोनची. तो म्हणाला, "मग घरी बसून बगायची की."

एक तास पन्नास मिनिटांनी फोन आला.

"उतरलो वो म्याडम. तुमी सांगिटल्यावानी एलवरच आनली. पर गाडी लय वरडाय लागली. पोरं कानावर हात ठेवून बसली, बायको म्हणाली इंजिन फुटंल. म्हणून खालच्या चार-पाच वळणांस्नी डीवर घेतली." मग थोडं थांबून म्हणाले, "शेवटच्या वळणाला पाय लय खाली गेला की वो. ब्रेक लागला, न्हाय असं न्हाय. समोरनं वाळूचा डंपर आलता. पर लागला. आमच्या आईचंच बसणं निघालं म्हणायचं."

ते हसत होते. मी फोन ठेवला आणि टपरीच्या मागे जाऊन उभी राहिले.

म्हणजे पहिलं पत्र लिहिताना मी जो उपाय मनात धरला होता, की डॅशबोर्डवर 'L वापरा' असं स्टिकर लाव, तो पुरेसा नाही. माणूस ऐकतो, आवाज वाढला की घाबरतो आणि परत 'D'वर येतो. हा दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की त्या गाडीत आवाज वाढणं ही चांगली खूण आहे. आम्ही त्याला 'जिवंत इंजिन' सांगितलं.

आणि एक दुरुस्ती. मंगळवारी मी लिहिलं की व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर चूक लक्षात आली. ते खरं नाही. व्हिडिओ जोडत होते तेव्हा मी खोलीत होते. आदर्शचं ते वाक्य तीन वेळा पडद्यावर आलं. पहिल्याच वेळी मला कळलं. जोडणारा मुलगा म्हणाला, "मूठ भारी दिसत्या." मी म्हटलं, आवाज थोडा कमी कर, मागं वारा येतो आहे. एवढंच म्हटलं. वाऱ्याचा आवाज निघाला.

का बोलले नाही, याचं उत्तर मी कालपासून शोधते आहे. जाहिरात संस्थेची माणसं फोनवर होती, उशीर झाला होता, आदर्श खूश होता. ही कारणं आहेत, उत्तर नाही. मी बोलले असते तर एक वाक्य कापावं लागलं असतं. चार सेकंद.

आज सकाळी तुझ्या दुकानासमोर एकच 'विहंग' होती. बाकीच्या दोन बाहेर आहेत. निळी मालवणात आहे आणि रविवारी तोच घाट चढून परत येईल. चढाला धोका नाही. तिसरीचं मला काहीच माहीत नाही. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, फक्त तीनही गाड्या दारात उभ्या कर. मी रस्त्यावरून मोजीन आणि समजेन.

निशिगंधा

*

राजारामपुरी
सोमवार, १३ ऑक्टोबर

रुबीना,

काल दुपारी तुझा मेसेज आला. मी तो इथं उतरून घेते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील:

'वसुबारसपासून कोकणची अकरा बुकिंग आहेत. अब्बा रद्द करायला तयार नाहीत. म्हणतात चॅनेलवाल्यांनी मला स्वतः लिहून दिलंय. कुणी सांगितलं म्हणून सांगू?'

हे पत्र चाचांना वाचून दाखव. तू वाचून दाखवलंस तर ते ऐकतील, माझ्या तोंडून ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

त्यांना कुणी लिहून दिलं ते मला माहीत आहे. २९ मे रोजी त्या व्हिडिओखाली एक प्रश्न आला. विचारणाऱ्याचं नाव जी. एम. मुल्ला. फोटोत तुमच्या गॅरेजातली जुनी हिरवी जीप, बॉनेट उघडं. प्रश्न असा होता: 'ब्रेक बसतो म्हणजे काय? आमच्याकडे बसतो म्हणजे खाली जातो. खुलासा करावा.'

चॅनेलच्या नावानं उत्तरं लिहिणं हे माझं काम आहे. जाहिरात संस्थेचा नियम होता की ब्रेकबद्दलच्या प्रश्नाला दोन तासांच्या आत उत्तर जायला हवं आणि ते ठरलेल्या चार वाक्यांपैकी असावं. मी जीप ओळखली. त्या जीपखाली आपण दोघी पाठीवर पडून बोल्ट मोजत होतो. मी ओळखलं की संपूर्ण कोल्हापुरात एका माणसानं माझी चिठ्ठी बरोबर वाचली आहे, ती न बघता.

मी उत्तर लिहिलं: 'काका, गैरसमज नसावा. ब्रेक एकदम भरवशाचे आहेत. बिनधास्त घ्या.'

काका लिहिलं. आयुष्यात मी त्यांना काका म्हटलेलं नाही. चाचा लिहिलं असतं तर त्यांनी मला ओळखलं असतं, म्हणून बोट त्या अक्षरावर थांबवून दुसरा शब्द लिहिला. यात चूक कुठलीच नाही. चिठ्ठीतला शब्द दोन अर्थांचा होता, ती चूक. जोडताना गप्प बसले, तो भित्रेपणा. हे उत्तर मात्र मी जाणूनबुजून लिहिलेलं खोटं आहे.

त्या उत्तरावर त्यांनी विश्वास ठेवला आणि दसऱ्याला तीन गाड्या घेतल्या. व्हिडिओ साडेतीन लाख लोकांनी पाहिला आहे. त्यांतले किती जण तो घाट उतरले, मला माहीत नाही. पाच महिने मी ते शोधायचा प्रयत्नही केला नाही. गाड्या तुझ्या दारात दिसल्या तेव्हा जागी झाले. हेही लिहून ठेवते, कारण ते माझ्या बाजूचं नाही.

काल संध्याकाळी आदर्शकडे गेले. त्याला चिठ्ठी, मोजमापं आणि बाळासोंचा फोन, सगळं सांगितलं. त्यानं मूठ आवळली, तिच्याकडे पाहिलं आणि ती सोडली.

मग म्हणाला, "म्हंजे मी गावभर मूठ दाखवत फिरलो."

"हो."

"आन् तुला पयल्या दिवसापासनं ठावं हाय."

"हो."

"निशा, लोकांस्नी तोंड मी दाखवतोय. उद्या कोण दरीत गेला तर दगड माझ्या दारावर येत्यात. तुझं दार कुणाला म्हाईत बी न्हाय." मग म्हणाला, "तसंच पायजे हुतं न्हवं तुला? नाव नको, चेहरा नको."

मी व्हिडिओ काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, संस्थेला विचारल्याशिवाय काढता येत नाही, आणि विचारलं तर ते काय म्हणतील ते आपल्या दोघांना माहीत आहे. तरी विचारतो म्हणाला. विचारेल असं मला वाटतं. मी त्याच्यासमोरच चॅनेलच्या खात्यातून बाहेर पडले आणि माझ्या स्वतःच्या नावाच्या खात्यावरून चाचांच्या त्या प्रश्नाखाली खरं उत्तर लिहिलं, आकड्यांसकट. त्यानं ते वाचलं आणि पुसलं नाही. आज सकाळपर्यंत ते तिथं होतं. आता आहे की नाही, माहीत नाही. म्हणूनच हे कागदावर.

तीन वर्षांपूर्वीचंही एक लिहायचं आहे. तू कधी विचारलं नाहीस. आपण दोघी मिळून हे दुकान काढणार होतो आणि नोंदणीच्या दिवशी मी मेसेज केला की मला पुण्याला नोकरी मिळाली. नोकरी मिळाली नव्हती. आदल्या दिवशी जेवताना मी बाबांना दुकानाबद्दल सांगितलं, भागीदार कोण तेही सांगितलं. ते ताट सारून उठले. मी त्याचा अर्थ लावला, तो त्यांना विचारला नाही आणि तुला खोटं कळवलं. त्याही वेळी सोपं वाक्य हाताशी होतं, म्हणून तेच पाठवलं. तू मला माफ करावंस म्हणून हे सांगत नाही. चाचांना माझ्या शब्दावर अकरा गिऱ्हाइकं परत पाठवायची आहेत. तो शब्द कुणाचा आहे आणि आधी कसा वापरला गेला आहे, हे त्यांना आधी कळायला हवं.

आता काय करायचं ते. अकरा बुकिंगांना दुसरी गाडी देता येत असेल तर मॅन्युअल गिअरची दे. नसेल तर रद्द कर आणि कारण स्पष्ट सांग. तिन्ही गाड्यांचं ब्रेक ऑईल आणि पुढचे पॅड चाचांनी स्वतः उघडून बघावेत. बदलून फरक पडतो का, ते घाटात मोजल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि न मोजता आता काही सांगणार नाही. मोजायचं असेल तर गुरुवारी सकाळी सहाला मी दुकानासमोर असेन. गाडी मी चालवेन. चाचांनी हवं तर शेजारी बसावं, हवं तर वर गगनबावड्याला थांबावं. किल्ली दिली नाही तर मी परत जाईन, वाईट वाटून घेणार नाही. खरं सांगायचं तर वाईट वाटेल, पण तो तुमचा प्रश्न नाही.

तुझी तिसरी गाडी कुठं होती ते तू लिहिलं नाहीस. काल संध्याकाळी दुकानासमोरून गेले तेव्हा तीनही उभ्या होत्या, निळीच्या चाकांना लाल माती होती. मी दोनदा मोजल्या.

कुणी सांगितलं, असं तू विचारलंस. गिऱ्हाइकांना सांग, चाचांना सांग, रविवारी रंकाळ्यावर विचारलं तर तिथंही सांग. हा कागद काचेवर लावलास तरी चालेल. चाचणी मी घेतली, चिठ्ठी मी लिहिली, आणि मुल्लाचाचांच्या प्रश्नाला खोटं उत्तरही मीच दिलं.

निशिगंधा हंबीरराव चौगुले
यंत्र अभियंता
राजारामपुरी, कोल्हापूर